पाच सेंट कमीचा हिरा

आमच्या घरात चांदी रोज असायची, पण त्यातली गुंजभरही आमची नसायची. हातकणंगल्याजवळ आमचं गाव. त्या भागात घरोघर पैंजणाचं काम चालतं. व्यापारी कड्या वजन करून द्यायचा. आई आणि आम्ही दोघी बहिणी त्या एकात एक ओवून, डाख लावून सांधून साखळी करायचो. आठवड्यानं तेवढंच वजन परत भरून द्यायचं. एकदा ते कमी भरलं. किती, तर चिमूटभर. व्यापाऱ्याच्या माणसानं सगळं घर झाडायला लावलं, केर पाण्यात घोळवला आणि शेवटी आईला अंबाडा सोडायला सांगितला. केसांत काही निघालं नाही. दोन दिवसांनी चांदी उंबऱ्याच्या फटीत सापडली, पण काम बंद झालं ते झालंच. आई पुढं दोन महिने लोकांच्या रानात तण भांगलायला गेली.

बाबा चांदीच्या पट्ट्या ओढायच्या मशिनवर मजूर होते. आमच्या वस्तीतल्या विहारात रात्री लाइट असायची, म्हणून अभ्यास तिथं. मी फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले. वस्तीतली पहिली. बाबांनी इतक्या कौतुकानं मूळ मार्कलिस्ट लॅमिनेट करून आणली की पुढं एका ऑफिसनं ती घ्यायलाच नकार दिला. तरी मला त्या मार्कलिस्टचा अभिमान होता आणि आहे.

नोकरी लागली कोल्हापुरात, गुजरीतल्या एका सराफी दुकानात. काम काय, तर दागिन्यांना टॅग लावायचे. मालकांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा सोन्यातले पक्के. कसोटीच्या दगडावर एक रेघ ओढायची, डोळे बारीक करायचे, की सोन्याचा कस सांगून मोकळे. पण नव्वदचं दशक संपत आलं तसं गिऱ्हाईक हिरे मागायला लागलं, आणि हिऱ्यापुढं कसोटीचा दगड काय करणार? अण्णांनी एक दिवस मला विचारलं, "तू सायन्सची ना? मुंबईला जाशील?" तीन महिन्यांचा जेमॉलॉजीचा, म्हणजे रत्नपरीक्षेचा कोर्स मी दुकानाच्या खर्चानं केला. घरात अण्णांना बोलणी बसली. त्यांच्या भावानं विचारलं, "टॅग लिहिणारी पोरगी हिरे बघणार?" अण्णा म्हणाले, "बघू दे की. न्हाय जमलं तर टॅग हाईतच."

परत आले तेव्हा काउंटरच्या मागं मला एक टेबल मिळालं. टेबलावर चिमटा, आयग्लास आणि गेज. आयग्लास म्हणजे दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग. गेज म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणारं मोजमापाचं यंत्र. ते टेबल माझं राहणार की नाही, हे ठरायला महिनाभरच लागला.

पेठ वडगावचे बापू आमचं जुनं गिऱ्हाईक. तरुणपणी कुस्ती केलेली, आता वीस म्हशींचा गोठा. आवाज असा की काउंटरवरची काच हादरायची. ते दुकानात येऊन म्हणाले, "अण्णा, हिऱ्याची अंगठी करायची. बायकोला."

अण्णा म्हणाले, "काय विशेष?"

"विशेष काय? माझ्या खुराकासाठी तिनं पाटल्या मोडल्यात. तीस वरसं झाली. त्या बोटांनी शेणाबिगर काय बघितलं न्हाय. एक कॅरेट पूर्ण पायजे. दाणाभर कमी चालायचा न्हाय. गल्लीच्या त्या टोकावरनं दिसला पायजे."

इथं एक गोष्ट सांगते. सोन्यात कॅरेट म्हणजे शुद्धता. हिऱ्यात कॅरेट म्हणजे फक्त वजन. एका ग्रॅममध्ये पाच कॅरेट बसतात, आणि एका कॅरेटचे शंभर भाग पाडले की एकेक भाग म्हणजे एक सेंट. पण कोल्हापूरच्या माणसाला पूर्ण तोळ्याची सवय. पाटल्या पूर्ण तोळ्यात, चपलाहार पूर्ण तोळ्यात. पाऊण तोळा म्हटलं की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. तीच सवय त्यानं जशीच्या तशी हिऱ्याला लावली. अण्णांनीही तीच लावली आणि मुंबईच्या दलालाला फोन करून सांगितलं, "एक कॅरेट पूर्ण. वर एक-दोन सेंट असंल तर चालंल, खाली नको."

दलालाचं नाव नवीनभाई. स्वभावानं गोड, शब्दाला पक्के. ते सकाळी आले. बनियनच्या आतल्या खिशातून त्यांनी कागदाची पुडी काढली आणि काउंटरवर उलगडली. दुकानाचं नुकतंच नूतनीकरण झालं होतं. छताला नवे हॅलोजनचे दिवे. हिरा असा काही नाचला की अण्णांच्या तोंडून "वा!" निघालं.

"एक पॉइंट शून्य एक," नवीनभाई म्हणाले. "कलर जी, क्लॅरिटी व्हीएस वन. हा लॅबचा सर्टिफिकेट."

जी म्हणजे जवळजवळ पांढरा. व्हीएस वन म्हणजे आतला डाग भिंगातूनही शोधावा लागेल इतका बारीक. दोन्ही खरं होतं, मी तपासलं.

"शैला, पाकीट कर," अण्णा म्हणाले. "बापूंना फोन झालाय. दुपारच्याला येत्यात दोघं."

मी चिमट्यात हिरा धरून वरून आयग्लासमधून बघत होते. मधोमध एक काळसर गोल दिसत होता. हिरा कलता केला तरी तो हटत नव्हता.

"अण्णा, थांबा. मला हा आवडला नाही."

"तुला काय लग्न करायचंय त्याच्याशी?"

नवीनभाई हसले. मी आयग्लास डोळ्यावरून हलवला नाही. मी म्हणाले, "हा मधे काळा दिसतोय."

"तेल लागला असेल, बेन," नवीनभाई म्हणाले. "हात लागतो ना सगळ्यांचा. हिरा तेल पकडतो."

बोलणं बरोबर होतं. बोटाच्या तेलकटपणानं चांगला हिराही मंद दिसतो. मी स्पिरिटच्या बोळ्यानं तो पुसला, कोरडा केला, पुन्हा बघितला. गोल तिथंच. मग गेजवर चढवला. रुंदी सहा पॉइंट एक मिलिमीटर. उंची चार पॉइंट सव्वीस. कॅल्क्युलेटरवर उंचीला रुंदीनं भागलं. शंभराला सत्तर.

हिऱ्याचा कट म्हणजे त्याचा आकार नव्हे, त्याची मापं. गोल हिऱ्याला वर एक सपाट पैलू असतो, त्याला टेबल म्हणतात. टेबलभोवतीचा उतार तो क्राउन. मधला कंबरेसारखा काठ तो गर्डल. त्याच्याखाली नरसाळ्यासारखा निमुळता होत जाणारा भाग तो पॅव्हेलियन. उजेड वरून आत जातो, खालच्या एका भिंतीवर आपटतो, तिथून समोरच्या भिंतीवर, आणि तिथून परत वर आपल्या डोळ्यात येतो. हे सगळं त्या भिंतींच्या कोनावर. बीएस्सीला ह्यावर पाच मार्कांचा प्रश्न यायचा आणि तो मी कधीही सोडला नव्हता. नरसाळं फार खोल झालं की उजेड भलत्याच बाजूनं पळून जातो आणि हिरा मधे काळा पडतो. फार उथळ झालं तर गर्डलचं प्रतिबिंब टेबलातून पांढरट कड्यासारखं दिसतं. चांगल्या गोल हिऱ्याची उंची रुंदीच्या साठ-बासष्ट टक्के असते. आमच्या हातातला सत्तर होता, आणि त्याचा गर्डलही चांगलाच जाड होता.

असं का घासलं असेल? कारण एक कॅरेटचा आकडा ओलांडला की भाव उडी मारतो. नीट घासला असता तर तो दगड कॅरेटच्या खाली गेला असता. घासणाऱ्यानं खाली आणि कंबरेला माल तसाच ठेवून वजन वाचवलं. फसवणूक म्हणाल तर नाही. सगळं कागदावर लिहिलेलं होतं. त्या काळी आमच्याकडं येणाऱ्या सर्टिफिकेटांवर कटचा दर्जा नसायचा, नुसती मापं असायची, आणि मापं कोणी वाचत नसे.

मी हे सगळं अण्णांना सांगितलं. जरा घाईघाईनंच. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वजन बरोबर हाय का?"

"आहे."

"पांढरा हाय?"

"आहे."

"मग तुझं म्हणणं काय?"

"ह्याच्यापेक्षा हलका हिरा ह्याच्यापेक्षा मोठा दिसेल."

नवीनभाईंनी चष्मा काढून पुसला. अण्णा म्हणाले, "तीन महिने तुला हिरं घ्यायला शिकायला धाडलं होतं का परत पाठवायला? हे असलं बापूंच्या पुढं बोलशील?"

"बोलेन."

"बोल मग. न्हाय पटलं त्यास्नी, तर उद्यापासनं टॅग लिहायला बस. टेबल मोकळं कर."

मी हो म्हणून बसले. पण दुसरा हिरा कुठाय? नुसतं नको म्हणून गिऱ्हाईक थोडंच ऐकणार? नवीनभाईंनी माझ्याकडं बघितलं. मग पुन्हा बनियनच्या खिशात हात घातला आणि एक चुरगळलेली पुडी काढली.

"हा बघा, बेन. पंच्याण्णव सेंट. कलर सेम, क्लॅरिटी सेम. पाच सेंट कमी, म्हणून वर्षभर माझ्यासोबत फिरतोय. कोणाला दाखवला की विचारतात, पूर्ण नाय?"

मी तो हॅलोजनखाली बघितलाच नाही. त्या दिव्यांखाली काचेचा तुकडाही नाचतो. पांढऱ्या कार्डाची घडी केली, तिच्या खाचेत हिरा ठेवला आणि दुकानाच्या दारात सावलीत जाऊन उभी राहिले. मग मी जे बघितलं ते अजून आठवतं. काठापासून मध्यापर्यंत सगळा भरलेला उजेड. जरा हलवला की पांढऱ्या-काळ्या पट्ट्या झटकन जागा बदलायच्या, आणि मधेच एखादी निळी, एखादी नारिंगी ठिणगी. मेलेला कोपरा एकसुद्धा नाही. मी पळत आत आले. पळत म्हणजे खरंच पळत, अण्णा ओरडले, "हिरा पाडशील!" गेजवर लावला. रुंदी सहा पॉइंट छत्तीस, उंची तीन पॉइंट अठ्ठ्याऐंशी. एकसष्ट टक्के! वजनानं कमी, आणि रुंदीनं पाव मिलिमीटर जास्त. हिऱ्यात पाव मिलिमीटर म्हणजे पुष्कळ.

"अण्णा, हा!" मी म्हणाले. अण्णांनी आपला चष्मा कपाळावर चढवून दोन्ही हिरे पुन्हा बघितले, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

दुपारी बापू आले. सोबत त्यांची बायको, अक्काताई. हिरवं इरकल, चेहरा रापलेला, दुकानात कुठं बसावं ह्या संकोचात. मी खुर्ची दिली. पाणी प्यायच्या आधीच बापू म्हणाले, "कुठाय आमचा माल?"

मी दोन्ही हिरे समोर ठेवले आणि सरळ सांगितलं. "बापू, हा एक कॅरेट एक सेंट. हा पंच्याण्णव सेंट. माझं मत आहे की तुम्ही पंच्याण्णवचा घ्यावा."

"पंच्याण्णव? म्हंजे अर्धवट?" बापू अण्णांकडं वळले. "ओ अण्णा, ही ताई काय म्हणत्याय? मी पूर्ण सांगितलंतं की! माप मारायला बसलाय व्हय इथं?"

अण्णांनी हात वर केले. "मी काय बोलत न्हाय. तिचं ती निस्तरंल."

मी अक्काताईंना म्हणाले, "मावशी, तुम्ही बघा. कुठला मोठा दिसतो?"

त्यांनी पदरानं हात पुसले आणि दोन्ही हिऱ्यांवर वाकल्या. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "मला तर दोनी सारकंच दिसत्यात की, बाई."

बापू जोरात हसले. "झालं! घ्या. आता पूर्णवालाच बांदा."

दोष अक्काताईंचा नव्हता, माझाच होता. सकाळी जे स्वतः टाळलं होतं तेच मी त्यांना करायला लावलं होतं, हॅलोजनखाली हिरे दाखवले होते. मी म्हणाले, "बापू, दोन मिनिटं. गल्लीच्या टोकावरनं दिसला पाहिजे म्हणालात ना? मग गल्लीतच बघूया."

"चला की! म्या काय भितोय व्हय?"

दुकानासमोर सावली होती. मी डाव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांत दोन्ही हिरे बसवले, एक इकडं, एक तिकडं, आणि हात पुढं करून पायरीवर उभी राहिले. अक्काताई रस्त्याच्या पलीकडं, समोरच्या दुकानाच्या पायरीला टेकल्या. मी हात हळूच हलवला.

"ह्यो करंगळीकडचा मोठा हाय," त्या पलीकडून म्हणाल्या. आता आवाजात संकोच नव्हता. "आन् दुसरा मधी काळा दिसतुया. म्हशीच्या बुबळागत."

करंगळीकडचा पंच्याण्णवचा होता.

बापूंना पटलं नाही. ते म्हणाले, "बायकोचा डोळा काय सांगावा? मला बघू द्या. ओ अण्णा, मी पाठ करतो. तुमी हातानं अदलाबदल करा. पाच डाव. तीन जिंकंल त्यो खरा."

झालं, गुजरीत कुस्ती लागली. समोरच्या दुकानातले दोघे बाहेर आले, एक सायकलवाला थांबला. बापू पलीकडं जाऊन पाठ करून उभे. अण्णा माझ्या बोटांतले हिरे बदलायचे किंवा तसेच ठेवायचे, आणि ओरडायचे, "हां!" बापू गर्रकन वळायचे.

पहिला डाव, पंच्याण्णव. दुसरा, पंच्याण्णव. तिसऱ्याला त्यांनी डोळ्यावर हाताचं छप्पर केलं, मान तिरकी केली आणि बोट दाखवलं, पंच्याण्णव! निकाल लागला होता, पण ते थांबेनात. चौथ्याला एक स्कूटर गेली, तिच्या आरशाचा कवडसा माझ्या हातावर पडला आणि बापू म्हणाले, "अंगठ्याकडचा!" तो एक कॅरेटवाला. स्कूटर पुढं गेली. "न्हाय न्हाय न्हाय, थांबा," बापू म्हणाले. "ती चमक गाडीची होती. करंगळीकडचा." पाचवाही पंच्याण्णव.

बापू रस्ता ओलांडून आले. घाम आला होता त्यांना. माझ्याकडं रोखून बघत म्हणाले, "ताई, एक सांगा. ह्यो जड हाय म्हणतासा. मग ह्येचं वजन गेलं कुठं?"

इतक्या वर्षांत मला विचारलेला सगळ्यात चांगला प्रश्न हाच. मी त्यांना आत नेलं, दोन्ही हिरे चिमट्यात आडवे धरले आणि आयग्लास त्यांच्या डोळ्याला लावून दिला. बाजूनं बघितलं की सगळं उघड होतं. एकाचा काठ बारीक, खालचा भाग बेतशीर. दुसऱ्याची कंबर जाड आणि खाली लांबलचक पोट.

"वजन इथं गेलं, बापू. पोटात आणि कंबरेत. अंगठीत बसवला की हे सगळं सोन्याखाली झाकलं जाणार. वजन तुमचं, पण दिसणार कोणालाच नाही."

बापू बराच वेळ बघत राहिले. मग आयग्लास खाली घेऊन अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "आरं तिच्या मायला! म्हंजे ढेरी सुटलेला पैलवान की ह्यो! काट्यावर भरतोय, पर मातीत उतरवला तर उपेग न्हाय."

नवीनभाई इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पण बापूंचं मन अजून अडलं होतं. "समदं खरं. पर ताई, उद्या वडगावात कोन इचारलं, बापू किती कॅरेटचा, तर काय सांगू? पाच सेंट कमी?"

तेव्हा अक्काताई खुर्चीतून उठल्या. पंच्याण्णवचा हिरा त्यांनी स्वतः चिमट्यानं उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग सरळ बोटांनी उचलून दुसऱ्या हाताच्या बोटावर ठेवला.

"तुमाला सांगायचं ते सांगा," त्या म्हणाल्या. "बोट माझं हाय."

अण्णांनी एक कॅरेटवाली पुडी घडी घालून नवीनभाईंच्या हातात परत दिली. नवीनभाईंनी ती खिशात ठेवली आणि मला म्हणाले, "बेन, पुढच्या वेळी मी गेज लावूनच आणणार. तुमच्याकडं यायचं म्हणजे परीक्षाच आहे."

अंगठी दहा दिवसांत झाली. अक्काताई ती घेऊन गेल्या तेव्हा दारात थांबून, हात सावलीत धरून, एकदा बघून मगच पायरी उतरल्या.

त्या कुस्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी एक पुडी माझ्या टेबलावर टाकली आणि म्हणाले, "दारात जाऊन बघून ये." त्यानंतर आमच्या दुकानात हा नियमच झाला. हिरा आधी पुसायचा, मग दारात सावलीत बघायचा, मग गेजवर, आणि सगळ्यात शेवटी दिव्याखाली.

तुम्ही गोल हिरा घ्यायला गेलात तर दुकानदाराला त्याची रुंदी आणि उंची विचारा. भागाकार तिथंच करा, लाजू नका. साठ-बासष्ट टक्क्यांच्या फार वर किंवा फार खाली असेल तर दुसरा मागा. मग तो बाहेर नेऊन साध्या उजेडात बघू द्या म्हणा. खोटं नसेल तर कोणी अडवत नाही. अडवलं, तर तुमचं उत्तर तुम्हाला तिथंच मिळालं.

ते टेबल मला मोकळं करावं लागलं नाही. दोन वर्षांनी अण्णांनी दुकानाच्या हिरे विभागाची प्रमुख म्हणून मला नेमलं, आणि तेव्हापासून माझ्या सहीशिवाय त्या दुकानात एकही हिरा विकत घेतला गेलेला नाही.